टाकीत खरं पाणी किती

आमच्या ह्यांचा पेशाच टाक्यांचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी हे रसायनांच्या टाक्या आखून द्यायचे. त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली, तेव्हा तिच्यात पाणी किती मावतं हे विचारणं म्हणजे ह्यांच्या पदवीचा अपमान होता. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. संपला विषय.

पाणी आणि दगड सासूबाईंच्या समुद्रकाठच्या माहेरचे. गावाहून लोक आंबे-फणस आणतात, आम्ही एसटीतून कॅन भरभरून समुद्र आणायचो. दगड तर इतके आणले की टाकी माशासाठी आहे की दगडांसाठी, असा पाहुण्यांना प्रश्न पडे. मासा एकच होता. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा.

तो आणला ह्यांनी, पण झाला सासूबाईंचा. गुडघ्यांमुळे त्यांचं जिने उतरणं बंद झालं होतं. मी शाळेत शिकवायला, हे कारखान्यात. माझ्याबद्दलच्या तक्रारी त्याला सविस्तर सांगितल्या जात आणि तो काचेला तोंड लावून सगळं ऐकून घेई. मी इतकं कधीच ऐकून घेतलं नसतं.

मग एक दिवस त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, मीठ भुरभुरल्यासारखे. त्याने खाणं सोडलं. सासूबाईंचंही ताट निम्मं परत जायला लागलं. दुकानदाराने औषध दिलं आणि बजावलं, पाणी किती लिटर आहे ते बघून थेंब टाका. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासा जाईल.

"अहो, पण आत दगड आहेत ना?" मी विचारलं.

"दहा टक्के धरलेत."

"दहाच का?"

"अनुभवाने."

कारखान्याच्या टाक्यांमध्ये ह्यांना दगडांचा अनुभव कधी आला, हे मी विचारलं नाही. पण सासूबाई भडकल्या. "अरे, धरलेत म्हणजे काय? त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. नीट मोज!"

आईने सांगितल्यावर हे पेटलेच. रविवारी टाकी रिकामी करून पाणी मोजायचं ठरलं. मासा टाकीतल्याच थोड्या पाण्यात, प्लास्टिकच्या टबात. दगड ओल्या गोणपाटाखाली. उरलेलं पाणी नळीने घरातल्या यच्चयावत बादल्या, हंडे, कळशा आणि पिंपांत. लादीवर सांडू नये म्हणून प्रत्येक भांडं अर्धंच भरलं. कशाकशात किती मावतं हे ह्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. एवढी तयारी आमच्या लग्नातही नव्हती. मग दमलेले हे आणि मी खाली चहा-भजी खायला गेलो. मोजायचं ते आल्यावर.

परत आलो. ह्यांनी मान डोलावत एकेक भांडं मोजलं, बेरीज केली. पुन्हा केली. कॅल्क्युलेटर झटकून तिसऱ्यांदा केली. दगडांनी भरलेल्या आमच्या टाकीत, रिकाम्या टाकीत मावेल त्याच्यापेक्षा जास्त पाणी निघालं होतं.

"असं होऊ शकत नाही," हे म्हणाले.

"का नाही?" सासूबाई मोरीतून म्हणाल्या. "मध्ये नळ आला होता. सगळी भांडी अर्धीच! मी म्हटलं, विसरलात वाटतं. गुडघे धरत धरत सगळी काठोकाठ भरून ठेवली."

डोंबिवलीत त्या काळी नळ आल्यावर अर्धं भांडं तसंच ठेवणारी बाई दाखवा आणि बक्षीस मिळवा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं; अर्धी ठेवलेली भांडी काठोकाठ कशी झाली, हे आकड्यांच्या नादात आम्हालाच दिसलं नव्हतं. फक्त समुद्र निम्मा पातळ झाला होता आणि नवा समुद्र एसटीने सुट्टीतच येणार होता.

हे खाली बसले. काय झालं ते कळल्यावर सासूबाई आमच्यापैकी कोणाकडे न बघता टबापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "मीच मारलं रे तुला." मला हसू येत होतं ते तिथेच थांबलं.

तेच पाणी टाकीत परत ओतलं. उरलेलं मोरीत गेलं. ओतताना हंडे मोजले असते तर खरा आकडा आयता हातात आला असता, पण घरातल्या इंजिनिअरला ते सुचलं नाही आणि मला सुचेपर्यंत टाकी भरली होती. आकडा नाही म्हणून औषधही टाकायची हिंमत होईना. सासूबाई काचेसमोर खुर्ची टाकून बसल्या. तक्रारी बंद. दगडांवरचे बारीक जीव मेले, घरभर वास सुटला.

मासा मात्र मेला नाही. काही आठवड्यांत ठिपके गेले, तो खायला लागला. दुकानदार म्हणाला, पातळ खाऱ्या पाण्यात तो रोग टिकत नाही. त्या दिवसापासून ह्यांनी कारखान्यात 'मी पाणी मुद्दाम सौम्य केलं' असं सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी हरकत घेतली नाही.

पण एका सकाळी हे टेप घेऊन टाकीशी उभे राहिले. "आता तब्येत चांगली आहे, तर एकदा खरं मोजून घेऊ या."

सासूबाईंनी काचेवर हात ठेवला. "नको रे. जेवढ्यात आहे तेवढ्यात राहू दे त्याला. तुम्ही दोघं गेलात की या घरात माझं ऐकून घेणारं दुसरं आहे कोण?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. माझी पर्स खांद्याला होती, चप्पल पायात. मी चप्पल काढली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

"आई," मी म्हटलं, "माझ्याबद्दल त्याला काय काय सांगितलंत, ते मला सांगा बघू."