तक्त्यातला दुसरा माणूस

आमच्या पोलीस ठाण्यात मंजूर माणसं चाळीस, हजर एकोणीस. भांडणाच्या जागी एकट्याने जायचं नाही, असा नियम. म्हणजे ड्युटीच्या तक्त्यात दोन नावं हवीतच. तक्ता लावते मी. आता माणसं काय झाडाला लागतात? अण्णांच्या नावापुढे मी कोर्टात कैदी घेऊन गेलेल्या कुणाचंही नाव लिहायचे. रकाना भरला की वरचे खूश.

अण्णा आमचे सगळ्यात जुने हवालदार. सव्वीस वर्षं नोकरी. भांडणात शिरले की आधी पाणी मागणार, "ताई, घोटभर पाणी द्या बघू." घरातलं एक माणूस आत वळलं की निम्मं भांडण थंडावतं, असा त्यांचा हिशेब.

तीन महिन्यांपूर्वी तो चुकला. भर दुपारी दोन सख्खे भाऊ जिन्याच्या वाटणीवरून भांडत होते. धाकट्याची बायको पाणी आणायला वळली आणि थोरल्याने अण्णांच्या खांद्यावर लोखंडी पाइप घातला. ते पडले तरी घालतच राहिला. जिन्यात दहाजण मोबाइल धरून उभे, मेले! एकानेही त्याचा हात धरला नाही. तक्त्यात त्या दिवशी जोडीदार म्हणून आमच्या ड्रायव्हरचं नाव होतं, तो होता कैद्यांबरोबर कोर्टात. चौकशीत साहेबांनी लिहून टाकलं, तो गाडी लावत होता.

अण्णांचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही. तरी परवा कामावर हजर. मी आधीच साहेबांच्या सहीने वर अर्ज धाडला होता, निदान अण्णांबरोबर जायला एक तरी माणूस द्या. आज उत्तर आलं. "तक्त्यांवरून प्रत्येक ठिकाणी दोन कर्मचारी असल्याचे दिसते. जादा मनुष्यबळाची आवश्यकता नाही." सोबत पुरावा म्हणून आठ वर्षांचे तक्ते. सगळे माझ्या अक्षरातले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कागद ओढला आणि लिहिलं, यातलं दुसरं नाव खोटं आहे, लिहिणारी मी. अण्णांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. "खरं लिहिलंयस. पण तुला घरी बसवतील."

"बसवू देत!"

"बसवू देत काय? अगं बये, एकोणिसाचे अठरा होतील. मग तुझ्या जागी कोण येणार, तुझा काका?"

मला रागाने रडूच फुटलं. तेवढ्यात फोन आला, बाजारात दोन दुकानदार हातघाईवर आलेत. अण्णांनी टोपी उचलली.

"जोडीला कुणाचं नाव टाकू?" मी ओरडलेच.

"तुझंच टाक," म्हणाले आणि निघाले.

मी उठले. खरंच उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले. मागे फोन पुन्हा वाजायला लागला. आणि तो उचलायला ठाण्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.