तळमजल्यावरचा दवाखाना

मार्चमधला शनिवार, सकाळचे साडेअकरा. हजर: मी. माझी मुलगी चिनू, वय सात. दातांचे डॉक्टरकाका. त्यांच्या मदतीला असणाऱ्या रामकलीबाई. बाहेर बाकावर आमच्या ओळखीतल्या दोन बायका. गैरहजर: चिनूचे बाबा. ते ऑफिसच्या कामाने झाशीला गेले होते.

एवढं लिहायला मला बारा वर्षं लागली. मी याद्या करणारी बाई आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत, दाना ओलीत, कुणाकडे कार्य असलं की सामानाची नि माणसांची यादी करायला मलाच बोलावतात. पण त्या सकाळी कोण कोण होतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि — थांबा, क्रमाने सांगते.

चिनूची खालची दुधाची दाढ किडली होती. मी चौकशी करून चार डॉक्टरांची नावं लिहून काढली. फूलबागेजवळ एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, फक्त मुलांचे दात बघायच्या. त्यांनी दुखण्यावर औषध दिलं, चिनूला खुर्चीत बसवून ती खुर्ची वरखाली केली, छोटा आरसा तिच्या हातात दिला. मग मला म्हणाल्या, "आज बस इतना ही. दो-तीन बार आएगी, फिर खुद मुँह खोलेगी." बाहेर आल्यावर चिनू म्हणाली, "आई, ये वाली अच्छी है."

मला काय वाटलं? माझी अर्धी सकाळ गेली आणि दाढ होती तिथेच आहे.

दुसरे डॉक्टरकाका. दवाखाना गोरखी भागात, वय साठीच्या पुढे, आणि आपल्यातले — सासूबाईंच्या माहेरचे दूरचे नातेवाईक. आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना हे 'आपल्यातले' फार पुरतं. एकदा तेवढं कळलं की पुढची चौकशी थांबते. सासूबाई म्हणाल्या, "त्या हिंदीवालीकडे तीन-तीन चकरा कशाला? आपले भाऊसाहेब एका बैठकीत काढतात." मुलांशी ते कसे वागतात, हे मी विचारलंच नाही. एका बैठकीत — मला तेवढंच हवं होतं.

आता ते सांगते.

इंजेक्शन दिसलं आणि चिनूने तोंड घट्ट मिटलं. काका म्हणाले, धरा तिला. मी धरलं. दोन्ही मनगटं एका हातात, दुसऱ्या हाताने कपाळ मागे दाबलं. ती पाय झाडत होती, म्हणून गुडघा तिच्या मांड्यांवर रोवला. तरी तोंड उघडेना. तेव्हा मी तिचं नाक दाबून धरलं. कळतंय ना, मी काय सांगते आहे? सात वर्षांच्या माझ्या मुलीचा श्वास मी बंद केला — ती तोंड उघडेल म्हणून. तिने उघडलं. आणि माझ्या अंगठ्याला कडकडून चावली.

मी तिला मारलं. एकदा नाही. पहिल्या थपडेने तिचं डोकं खुर्चीच्या कडेवर आपटलं. दुसरीने ओठ तिच्याच दातावर फाटला. रक्त हनुवटीवरून फ्रॉकवर आलं. आणि तिसरी? तेव्हा ती रडतसुद्धा नव्हती. पण बाहेर त्या दोघी ऐकत होत्या. उद्या हळदीकुंकवाला सांगतील, हिला एक पोर आवरत नाही. तिसरी थप्पड मी त्यांच्यासाठी मारली.

रामकलीबाई म्हणाल्या, "बहनजी, छोड़ दो, बच्ची है." काकांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "सूनबाई, राहू दे. आज नको." म्हणजे बघा — त्यांच्यावर ढकलायचीही सोय नाही. त्यांनी थांबवलं होतं. मी म्हणाले, "नाही काका. आजच."

दाढ निघाली. चिनू डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. मी मनगटं सोडली, तरी तिचे हात तसेच वर पडून राहिले.

संध्याकाळी तिचे बाबा आले. फाटलेला ओठ दिसला, मनगटांवरचे निळे डाग दिसले. "हे काय झालं?"

"दवाखान्याच्या जिन्यावरून पडली," मी म्हणाले. दवाखाना तळमजल्यावर आहे. तिथे जिना नाही.

"नाही बाबा," चिनू म्हणाली, "आईने मारलं. नाक पण दाबलं."

मी भाजी ढवळत होते. वळून म्हणाले, "चिनू, खोटं बोलायचं नाही." सासूबाईंनी तिला देवासमोर उभं केलं आणि कान धरून म्हणायला लावलं — मी खोटं बोलले, मी जिन्यावरून पडले. सासूबाईंना खरं माहीत नव्हतं. मला होतं. मी गॅस बारीक केला.

नंतर कुणी काही बोललं नाही. काका नाहीत, त्या दोघी नाहीत. आपल्यातला डॉक्टर निवडल्याचा उपयोग मला तेव्हा कळला. आपली माणसं झाकून घेतात.

आणि चिनूही तेच सांगू लागली. शाळेत, आत्याला, शेजारी. आधी नुसता जिना होता, मग त्याच्या पायऱ्या ओल्या झाल्या, मग तिची चप्पल घसरू लागली. दर वेळी मी समोर असायचे. एकदाही — एकदाही मी 'नाही' म्हणाले का? आज ती एकोणीस वर्षांची आहे, इंदूरला शिकते, आणि तिला तो जिना खरोखर आठवतो. मारणं एका सकाळचं होतं. हे मी बारा वर्षं करते आहे.

सध्या ती सुट्टीवर घरी आली आहे. खालची एक दाढ सडून हिरडीत पू झाला आहे. दोन वर्षं ती गोळ्यांवर ढकलते आहे. इंदूरला दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उलटी झाली. परवा मैत्रिणीला फोनवर हसत सांगत होती, "अरे यार, डॉक्टर ने तो कुछ किया भी नहीं था. मैं सीढ़ियों से गिरी थी. मैं ही डरपोक हूँ, और क्या." मी दाराबाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. घालतच राहिले.

रात्री जेवताना मला म्हणाली, "आई, तूच शोध कुणीतरी. आणि माझ्याबरोबर आत ये. माझे हात धरून बस."

डॉक्टर शोधले आहेत. या वेळी सगळं विचारून. उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. त्यांनी फोनवर एक फॉर्म पाठवला, चिनू म्हणाली, "तू भर, मला लहानपणचं नीट आठवत नाही. मी वाचून पाठवते."

नाव, वय, रक्तगट, कुठल्या औषधाचा त्रास — भरलं. शेवटचा प्रश्न आहे: आधीच्या उपचारांचा काही वाईट अनुभव असल्यास थोडक्यात लिहा.

दुपारचे चार वाजलेत. चिनू आत गालाला बर्फ लावून पडली आहे. त्या प्रश्नाखाली मी अजून काही लिहिलेलं नाही.