कोर्टातली विहीर

आधी ताईचं सांगते. ती नसती तर मी दिवाळीआधीच गावाकडं परत गेले असते.

ताई पाचूबंदरच्या मासेमार घरातली, नाटकाची पदवी घेतलेली. मी मराठवाड्यातली, आठवीत शाळा सोडलेली. साक्षरता मोहिमेच्या कलापथकातून 'शिका, शिका' असं ओरडत वसईला आले. तिथं ताईनं मला पाहिलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि तिच्या रेपर्टरीच्या, म्हणजे वर्षभर नाटकं करणाऱ्या मंडळीच्या, सरांपुढं उभं केलं. तिथं सगळे पदवीधर. वर्ग नाही, वह्या नाहीत, नाटकं करत करतच शिकायचं. सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत राहू दे. मग बघू."

त्या 'मग बघू'नं माझी झोप उडवली.

तीन नाटकं आलटून पालटून चालायची, पण लाकडी चौथरे तेच. एका नाटकात दोन चौथऱ्यांमधली जागा म्हणजे विहीर, दुसऱ्यात तिथंच कोर्ट. बाकीच्यांना हे सोपं जायचं. माझ्या डोक्यात मात्र सगळं एकाच गाठोड्यात. आज मी कोण, हे विंगेत उभी राहून आठवायला लागायचं.

दिवाळी तोंडावर आलेली. सांडोरला एका शाळेच्या हॉलमध्ये कोर्टाचं नाटक होतं. मी साक्षीदार, सरळ पिंजऱ्यात जायचं, एवढंच. मी आत आले, वळसा घातला आणि वाकून विहिरीत डोकावले. आमच्याकडं विहिरीवरून कुणी नुसतं जात नाही, पाणी किती आहे ते बघतंच. वर पाहिलं तर समोर न्यायाधीश. तोंडचं वाक्यच गेलं.

ताई वकील होती. ती चालत आली आणि तिनंही वळसा घातला. "बघून घे बाई, पाणी आहे का. मग साक्ष दे."

लोक हसले. मला वाक्य सापडलं. पुढं कारकून कागद घेऊन सरळ चालत आला, तर मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, विहिरीत परशील!" त्यानंतर न्यायाधीशसुद्धा कडेकडेनं गेले.

प्रयोग संपल्यावर सरांनी सगळ्यांना बसवलं. "कोर्टात विहीर कुणी खणली?"

ताई म्हणाली, "सर, तिला दिसली, मग मला दिसली. नंतर सगळ्यांनाच दिसली, त्याला मी काय करू?"

सर माझ्याकडं वळले. "का डोकावलीस?"

"पाणी बघायला."

पदवीधर खो खो हसले. सर हसले नाहीत. "किती होतं?"

"तळाला, सर."

"उद्यापण बघ," म्हणाले आणि चहाला गेले.

हे बक्षीस की शिक्षा, मला कळेना. घरी जाताना ताईला विचारलं, "म्हणजे मी राहू की जाऊ?"

"उद्या बघ म्हनाले ना? मग उद्या इथं नसशील तर बघनार कोन, वेडे?"

दिवाळी आली, गेली. जा असं कुणी म्हणालं नाही, राहा असंही नाही. सांडोरच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डोकावले होते, तर विहिरीत काहीच दिसेना, नुसती फरशी. मला अभिनय आला म्हणून ठेवलं की चूक चांगली झाली म्हणून, ते अजून उमगलेलं नाही.

ताई अजून नाटक करते. चुकत नाही ती. पण कधीतरी चुकेल, भलत्याच नाटकातली नदी घेऊन भलत्याच घरात शिरेल. त्या दिवशी मी रंगमंचावर असेन. काही न विचारता लुगडं वर धरीन आणि तिच्यामागून पाण्यात उतरेन.