साडूंचा ऑइल कूलर

आमच्या साडूंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. चहा ते उभ्यानेच पितात, लग्नात अक्षता पडायच्या आत पंगतीची पाहणी करून येतात आणि आम्ही डोंबिवलीहून वर्तकनगरला त्यांच्याकडे गेलो, की "या, बसा" म्हणून स्वतः खाली पार्किंगमध्ये निघून जातात. खाली त्यांची सेकंडहँड, बुटकी, टर्बोवाली लाल गाडी असते. ही गाडी म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत शंभर गाठते. घोडबंदर रोडला तिने चाळीस गाठलेलंही मी पाहिलं नाही. पण साडूंना चिंता वेगाची नाही, इंजिनाच्या तेलाची. ट्रॅफिकमध्ये ते तापतं. त्यासाठी त्यांनी डॅशबोर्डवर एक जादा काटा बसवून घेतलाय आणि रस्त्यापेक्षा त्या काट्याकडेच त्यांचं जास्त लक्ष असतं. एकदा नौपाड्यात सिग्नल सुटला तरी हे हलेनात. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, तर खाली उतरून त्यांनाच सांगायला लागले, "अहो, तिला जरा दम तर खाऊ द्या!"

यंदा त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला जर्मनीला निघाली. बालवाडीपासून क्लासपर्यंत तिला सगळीकडे साडूंनीच सोडलेलं. तेव्हा विमानतळावरही आपणच, ह्याच गाडीतून सोडणार, असा त्यांनी हट्ट धरला. "आणि वाटेत तापली तर?" माझ्या मेहुणीने विचारलं. झालं! साडूंनी ऑइल कूलरचा किट मागवला. इंजिनातलं गरम तेल नळ्यांमधून पुढच्या जाळीमागे आणायचं, तिथे वाऱ्यावर गार करायचं आणि परत आत धाडायचं, एवढंच त्याचं काम. पण ते बसवताना मेकॅनिक बिचारा गाडीखाली आणि साडू त्याच्या पायाशी. "घट्ट झालं का? गळत नाही ना? परत एकदा बघ ना रे!" शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही घरी जा. कूलर खरा तुम्हालाच लावायला पाहिजे."

निघायच्या दिवशी मेहुणीने नव्या कूलरची रीतसर पूजा केली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक आणि समोर झेंडूचा चांगला घसघशीत हार. वाऱ्याने सुटू नये म्हणून साडूंनी तो स्वतः तारेने आडवातिडवा बांधला. मेहुणीला दारातच रडू आवरेना, म्हणून ती घरी राहिली आणि बॅग मांडीवर घेऊन मी मागे बसलो. आनंदनगर नाका येतोय तोच, कूलर नसतानाही कधी चढला नव्हता एवढा काटा चढला. साडूंनी गाडी कडेला घेतली. घामाघूम झाले होते. "कॅब बोलवा हो साडू. विमान चुकेल हिचं," ते कसंबसं म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी फोन काढतोय तोवर मुलगी उतरून गाडीसमोर गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, वारा आत जाणार कुठून? सगळी जाळी हाराने बुजवलीये तुम्ही!"

हार सोडवला. गाडी चालू लागली तसा काटा मुकाट खाली आला आणि विमानतळ येईपर्यंत तिथेच राहिला. "काका, बाबांकडे बघा हं," असं मला सांगून मुलीने साडूंना मिठी मारली आणि ट्रॉली ढकलत ती काचेच्या दारातून आत गेली. साडू गाडीला टेकून त्या दाराकडे बघत राहिले, जराही न हलता. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

"अंकल, गाडी आगे लो!" सिक्युरिटीवाला ओरडला.

"जरा रुको ना भाऊ," दारावरची नजर न काढता साडू म्हणाले, "इंजिन गरम हो गया है."

काटा अगदी जागच्या जागी होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "हां भाई, बहोत गरम है."