दाजींच्या गुडघ्यावरचा पदर

आमच्या दाजींचा उजवा गुडघा ज्याने पाहिलेला नाही असा माणूस बेळगावात सापडलाच, तर तो कालच बदली होऊन आलेला असणार. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. वडगावात त्यांचे साड्यांचे माग आहेत, पण हल्ली ते मागांवर कमी आणि गुडघ्यावरच जास्त बोलतात. त्यासाठी शहापूरच्या शिंप्याकडून त्यांनी पँटीला गुडघ्याशी बटणांची झडप शिवून घेतली आहे. नवी ओळख झाली, चहा सांगितला, की बटणं निघतात आणि झडप उघडते. एकदा बँकेतले साहेब कन्नड बोलणारे निघाले, तेव्हा "इल्ली नोडरी!", म्हणजे 'इकडे बघा!', म्हणत दाजींनी पाय थेट काउंटरवरच ठेवला. साहेबांनी आधी पाहिलं, मग तोंडभरून कौतुक केलं, आणि मग पाय खाली घ्यायला लावला.

मूळ प्रकरण काही हसण्यासारखं नव्हतं. निपाणीला लग्नाला जाताना खडीवरून स्कूटर घसरली. मागे बसलेल्या आक्काच्या नुसत्या बांगड्या फुटल्या, दाजींचा गुडघा मात्र पार सोलून निघाला. आतलं हाड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, हे असं उघडं राहिलं तर सांधा सडेल, पायाचं काही खरं नाही. पोटरीचा स्नायू वरच्या टोकाला जोडलेलाच ठेवू, म्हणजे त्याचं रक्त चालू राहील. तो वळवून गुडघ्यावर पसरू आणि वरून मांडीची पातळ कातडी लावू. ज्या माणसाने हे ऐकून रडायचं तो खाटेवरून ओरडला, "म्हंजे पदरच की वो! तोडायचा न्हाय, नुसता वरनं घ्यायचा!" तेव्हापासून डॉक्टरसुद्धा त्याला पदरच म्हणू लागले. पदर गुलाबी राहतोय का ते नर्स बघायची, आणि दाजी नर्सच्या तोंडाचा रंग बघायचे.

पदर तगला. तो जरा फुगीर आहे, गुडघ्यावर पुरणपोळी ठेवल्यासारखा. शिवाय दाजींनी पायाचा पंजा खाली दाबला, म्हणजे पोटरीचं जुनं काम सांगितलं, की गुडघ्यावरचं मांस टुणकन उडतं. "ऱ्हायला वर आलाय, पर हुकूम अजून जुन्या मुलखाचाच मानतोय," असं ते म्हणतात, आणि या वाक्याला आमच्या सीमाभागात जेवढा हशा पडतो तेवढा दुसरीकडे पडायचा नाही. हा प्रयोग बारशात झाला, साखरपुड्यात झाला, आणि एकदा तर भावकीतल्या कुणाच्या दहाव्यालाही झाला. तिथेही लोक हसले आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघत बसले.

आक्का मात्र झडप उघडली की आत निघून जायची. इस्पितळात तिने दाजींना भरवलं, त्यांचं अंग पुसलं, पण ड्रेसिंगच्या वेळी भिंतीकडे तोंड. रस्त्यावर तो गुडघा तिने पाहिला होता, त्यानंतर तिकडे बघायची हिंमतच उरली नव्हती. "समदं गाव बघून गेलं रं," दाजी एकदा मला म्हणाले, "हिनंच तेवढं बघितलं न्हाय. मग बरं झालोय म्हून हिला कळायचं कसं?" मला फार वाईट वाटलं. त्या झडपेवर मी स्वतः किती विनोद केले होते!

यंदा दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी त्यांच्याकडेच होतो. आक्काने आधी माझ्या डोक्याला तेल लावलं, मग दाजींच्या डोक्याला, पाठीला. गेल्या वर्षी ती एवढ्यावरच उठली होती. यंदा वाटी पुढे सरकवून म्हणाली, "पाय सोडा हिकडं." आणि गावभर झडप उघडत फिरणाऱ्या या गृहस्थाने चक्क लाजून पंचा गुडघ्यावर ओढला! आक्काने तो बाजूला केला. बराच वेळ नुसती बघत राहिली, मग कोमट तेल हलक्या हाताने जिरवायला लागली.

"लई दुखलं व्हतं व्हय वो?"

"न्हाय गं. कळलंबी न्हाय."

हे सपशेल खोटं होतं. त्या दिवसांत दाजींच्या ओरडण्याने सगळा वॉर्ड उठून बसायचा, आणि आक्काने त्यातली एकेक हाक ऐकली होती. तिने "बरं" म्हणून मान हलवली आणि पुन्हा तेलात बोटं बुडवली.