पुठ्ठ्याचं सासर

शुक्रवार पेठेत कचरा असा कधी नव्हताच. आमच्या मामांनी तो होऊच दिला नाही. हे मामा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाच म्हणतात. ते आमच्याच बोळात, चार घरं सोडून राहायचे. दिवसा एका कापडाच्या दुकानात ठाणं उलगडायची आणि पुन्हा गुंडाळून ठेवायची, हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. त्यांचा खरा दिवस मात्र संध्याकाळी दुकानातून परतताना सुरू व्हायचा. काखेत ठाणातून निघालेल्या पुठ्ठ्याच्या फळ्या, खिशात वाटेतल्या मागांवरून सुटलेल्या सुताचे गुंते आणि नजर कायम रस्त्यावर. रिकामी काडेपेटी दिसली की मामा वाकलेच. नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थ फार भाविक दिसतात, जागोजागी जमिनीला हात लावून नमस्कार करत चाललेत. बोळातल्या लोकांना काय ते ठाऊक होतं.

बारसं असो, डोहाळजेवण असो, साखरपुडा असो की पोराचा पहिला वाढदिवस, पेठेत मामांना आधी निरोप जायचा आणि आचाऱ्याला नंतर. विकत आणलेली सजावट त्यांना बघवत नसे. बाजारातली झिरमिळ्यांची माळ कुणाच्या दारावर दिसली की ते चप्पल काढून दारातच थोडा वेळ उभे राहायचे, दुखवट्याला आल्यासारखे. "घरात हात हायेत की सगळ्यांना, मग इकत कशाला आनायचं?" हा त्यांचा प्रश्न. चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदावर त्यांचा फार जीव. आमच्या घरी आले की बसायच्या आधी विचारायचे, "पुडा संपला का?" एकदा वैतागून माझ्या आईनं, अव्वानं, भरलेला पुडा डब्यात रिकामा केला आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी मामा तो कागद घेऊन चहासाठीही न थांबता गेले. इतकं करून कुणी टोपीचा आहेर द्यायला लागलं तर म्हणायचे, "टोपी तुमची तुमाला ऱ्हाऊ द्या, वरचा कागद तेवढा द्या."

त्यांच्या कलेत चुका नव्हत्या असं नाही, पण त्या चुका मामा मोठ्या रुबाबात मिरवायचे. समोरच्या घरातल्या बारशाला त्यांनी पाळण्यावर पोपट टांगायला घेतले आणि हिरवा कागद मध्येच संपला. मामांनी उरलेल्या जागी कार्बन पेपरचा एक कावळा करून लावून टाकला. बाळाची आजी कपाळाला हात लावून बसली. मामा म्हणाले, "का? कावळा काय पक्षी न्हाय व्हय?" गंमत अशी की बाळ सगळे पोपट सोडून त्या कावळ्याकडेच टकमक बघत राहिलं, आणि कावळा काढला की भोकाड पसरायचं. तो कावळा पुढं कितीतरी महिने त्या घरात होता.

आत्याला ह्या सगळ्याचा उपद्रव होता तो एका बाबतीत. मामांना चिकटवायला खळ लागायची, आणि खळीला पीठ. दुष्काळाच्या साली रेशनवर तो तांबडा मिलो, परदेशी ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी आम्हां कुणाच्या घशाखाली उतरायची नाही. मामांनी मात्र त्याची खळ शिजवून बघितली आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी जाऊन सांगून आले की हे धान्य खाण्यासाठी नाहीच, कागदासाठी आहे. आत्या म्हणायची, "ह्येंच्या घरात आदी पुठ्ठा जेवतो, मग आमी." म्हणायची आणि खळीचं पातेलं स्वतःच ढवळायची. गुठळी झालेली तिला खपत नसे.

पण मामांचं खरं नाव झालं ते रुखवतामुळं. लग्नात मुलीकडचे जे रुखवत मांडतात, त्यात बाकीच्यांकडं लोकरीची तोरणं, शंखशिंपल्यांचे हंस आणि मण्यांच्या कपबश्या असायच्या. मामा मुलीचं सासर करायचे. म्हणजे ती ज्या घरात नांदायला जाणार, हुबेहूब तेच घर, पुठ्ठ्याचं. दार पूर्वेला असेल तर पूर्वेला, ओट्याला दोन पायऱ्या असतील तर दोनच. ह्याला कारण आत्या. ती पेठेतून लग्न होऊन कुंभारीला, मामांच्या घरी गेली (पेठेत ती दोघं मागाहून आली), तेव्हा पहिल्या पहाटे तिला त्या अनोळखी घरात मागचं दार सापडेना, आणि विचारायचं कुणाला, म्हणून ती चुलीपाशी रडत बसली होती. मामांनी ते बघितलं आणि ते कधी विसरले नाहीत. "पोरीला घर आदी वळखीचं व्हाया पायजे," ते म्हणायचे, "मानसं काय, हळूहळू व्हतात."

आता घर करायचं तर ते बघायला हवं. मामा त्यासाठी एखाद्या सुटीच्या दिवशी एसटीनं त्या गावाला जायचे, मुलाच्या घरासमोर उभे राहायचे आणि प्यायला पाणी मागायचे. आपण कोण हे सांगायचे नाहीत. पाणी मागितलं की माणूस घरात घेतो, ओट्यावर बसवतो. तांब्या येईपर्यंत सगळं घर डोळ्यांखालून जातं. ह्या युक्तीत काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि माझ्या अक्काच्या लग्नापर्यंत त्यातून वावगं काही घडलंही नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं वळसंगला ठरलं. घर शेतकऱ्याचं, पोरगा निर्व्यसनी. अव्वाची एकच अट होती: पोरीच्या सासरी परसात पाणी पाहिजे. अव्वाचं स्वतःचं माहेर कोरड्या रानातलं. डोक्यावर घागरी वाहून तिच्या मानेचं कायमचं दुखणं झालं होतं. मध्यस्थानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "परसात आड हाय, बारा म्हैने पानी." अप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन आले. सोप्यात बसून त्यांना मागच्या दारातून आडाचा रहाट दिसला, तेवढ्यावर त्यांनी होकार दिला. सोयरीक जुळवायला गेलेल्या पाहुण्यानं परसात जाऊन डोकावणं आमच्याकडं बरं दिसत नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी आमच्या माजघरात बाजेवर रुखवत मांडलं. मधोमध मामांचं वळसंगचं घर. काड्यांचं सपाट धाबं, शेणमातीनं लिंपलेल्या भिंती, दारात सुताच्या पानांचा लिंब. अव्वा हळदकुंकवाची बोटं लावायला वाकली आणि तशीच थांबली.

"दाजी, आड कुटं हाय?"

मामा लिंबाची पानं नीट करत होते; अव्वाच्या अटीचं त्यांना कुणी बोललं नव्हतं. म्हणाले, "आड हाय की. पन डोकावून बगितलं, कोरडा हाय. कोरडा आड पोरीच्या रुखवतात कसा मांडू? म्हनून केलाच न्हाय."

अव्वानं हळदकुंकवाची कोयरी खाली ठेवली आणि बाजेपाशी बसली. अप्पांचा चेहरा उतरला. दारात मांडव उभा, वऱ्हाड येऊन शेजारच्या घरात उतरलेलं, आणि मुलीच्या आईला दिलेला शब्द खोटा ठरलेला. अव्वा एवढंच म्हणत राहिली की माझी पोर मी पाण्याला जुंपणार नाही. अप्पांनी मामांचा दंड धरला. "दाजी, बायका रुखवत बगाया येतील आता. बाटलीच्या टोपनाचा का हुईना एक आड डकवा, आत आरशाचा तुकडा घाला. आज निभावू द्या, पुडचं पुडं."

मामांनी आयुष्यात पुठ्ठ्याचं काही मागणाऱ्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी टोपण शोधलं, आरसा शोधला, खळीत बोट बुडवलं आणि तसेच बसून राहिले. बोटावरची खळ वाळायला लागली.

तेवढ्यात वळसंगच्या बायका आल्याच. पुढं नवरदेवाची आई. तिनं घर बघितलं आणि हरखली, "अगं बया, ह्ये तर आमचंच की!" मग तिची नजर मामांवर गेली. "पावणं, तुमीच न्हवं का पानी प्यायला आलावता? मी तुमाला अर्दा तांब्या दिला, लई लाज वाटली बगा."

मग तिला अव्वाचा रडवेला चेहरा दिसला, मामांच्या हातातलं टोपण दिसलं, आणि बाईला सगळं उमगलं. ती सरळ म्हणाली, "आड आटलाय, बाई. तुमाला मध्यस्तानं सांगितलं न्हाय व्हय? आमाला वाटलं, सांगितलंय."

"मग पानी कोन आनतं?" हे विचारलं अक्कानं. हळद लागलेली मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली, ती सासूला तोंड वर करून प्रश्न विचारते, हे आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

सासूनं बोट दाखवलं. तेव्हा कुठं आमचं सगळ्यांचं लक्ष गेलं. पुठ्ठ्याच्या घरामागून एक सुताची पायवाट निघाली होती, आणि वाटेवर काड्यांचा एक माणूस, खांद्यावर कावड, कावडीला रिठ्याच्या दोन घागरी. "पोरगा आनतो. ह्या पावन्यांनी बगितलंय की त्येला. पहाटंच जातो, बाप्या मानूस पानी वाहतो म्हनून गावानं हसू न्हाय."

"रोज?"

"रोज."

अक्का बराच वेळ त्या काड्यांच्या माणसाकडं बघत होती. मग मामांना म्हणाली, "आड नका डकवू मामा. ऱ्हाऊ द्या तसंच."

अव्वानं तिच्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि उठून त्या घराला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं. अक्काचं सगळं चांगलं झालं, हे आधीच सांगते. कावडीला पुढं दोन माणसं झाली, आणि पाऊस पडल्यावर आडालाही पाणी आलं.

लग्नाच्या पंक्तीत मात्र मामा दिसेनात. मी शोधायला गेले तर मांडवामागं पत्रावळींच्या गठ्ठ्याला टेकून बसलेले. जेवायला चला म्हटलं तर म्हणाले, "अगं, तिनं न्हाई म्हटलं असतं तर? माज्या पुठ्ठ्यापायी पोरीचं लगीन मोडलं असतं की." मी तिथंच त्यांच्याजवळ बसले.

त्यानंतर मामांनी कुणाचं सासर केलं नाही. बारशाचे पोपट, डोहाळजेवणाच्या कमानी सगळं चालू राहिलं. रुखवतात मात्र ते चारचौघांसारखं हंस आणि कमळं करायला लागले. पेठेतल्या कितीतरी मुली त्या वर्षांत लग्न होऊन गेल्या, आणि त्यांच्या सासरच्या घरापुढं उभं राहून पाणी मागायला आता कुणीच जात नव्हतं.

काही वर्षांनी माझं ठरलं. मी मामांच्या घरी गेले आणि म्हटलं, "मामा, माझं घर कराल?" ते बराच वेळ कात्री पुसत राहिले. म्हणाले, "न्हाई गं बाई. तितं जायला पाय उचलत न्हाईत आता. तुला मी मोर करतो, लई चांगला करतो."

मोर खरंच फार देखणा झाला. पिसाऱ्याला चहाच्या पुड्यांची चांदी होती, आणि बोळातल्या बायका तो बघायला पुन्हा पुन्हा आल्या. मी मामांच्या पाया पडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघंही त्या मोराकडं बघत उभे राहिलो. मला घर हवं होतं. ते त्यांनाही माहीत होतं.