पाडव्याचे दात, दसऱ्याचे दात

माणसाच्या चेहऱ्यावर दातांखेरीज आणखीही काही असतं, हे माझ्या थोरल्या नणंदेनं आजवर मान्य केलेलं नाही. लग्नात बायका नवरीचा शालू बघतात, दागिने बघतात. आमच्या वन्सं नवरी हसायची वाट बघत बसतात. ती हसली रे हसली की माझ्या कानाला लागून "उजवीकडची दाढ गेलीय बघ" असं सांगून मोकळ्या होतात. बारशाला गेल्या तर बाळाच्या हिरडीवरून बोट फिरवल्याशिवाय पाळण्याची दोरी धरत नाहीत. हे सगळं वडिलांकडून आलेलं. आमचे सासरे देवणीचे, बैलांचे नावाजलेले पारखी. बाजारात आधी बैलाचं तोंड उघडायचे, मग मालकाला रामराम घालायचे. दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे दातांवरून बैलाचं वय सांगणारे शब्द वन्सं मुळाक्षरांच्या आधी शिकल्या. फरक एवढाच, की सासरे तोंड बघून बैल घेत आणि वन्सं तोंड बघून लेकराच्या आईला फैलावर घेत.

दात ठणकला की डॉक्टर, ही जगाची रीत त्यांना मंजूर नव्हती. "दुखल्यावर काय, कुणीबी पळतंय," म्हणायच्या. लातुरात आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या तेव्हा त्यांनी आपला एक सणच सुरू केला होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गल्ल्यांतली लहान लेकरं दातांच्या डॉक्टरकडे न्यायची. साखरेच्या गाठीचा तुकडा गालात असतानाच मुलं ऑटोत कोंबली जायची. ऑटोवाल्यानं कुरकुर केली तर आधी त्याचं तोंड बघितलं जायचं, मग तो लगेच ऑटो सुरू करायचा. शेजारच्या वकिलीणबाई एकदा म्हणाल्या, "अहो, दुधाचेच दात ते, पडणारच की." वन्सं म्हणाल्या, "लेकराचे कपडेबी आखूड होणारच हैत. म्हणून फाटकेच घालता का?" पुढच्या पाडव्याला वकिलीणबाईंचा मुलगा सगळ्यांच्या आधी भांग पाडून दारात उभा होता.

त्यांच्या हाती न लागणारं एकच लेकरू होतं आणि ते माझं होतं. भूकंप झाला तेव्हा रेणू जेमतेम बोलायला लागलेली. आमच्या घराला दोन भेगा गेल्या, बाकी काही झालं नाही. पण त्या पहाटेपासून पोरगी स्लॅबखाली झोपेना. हळूहळू सगळी गल्ली पत्र्याच्या शेडमधून घरात परतली, आम्ही मात्र वर्षांमागून वर्षं अंगणातल्या पत्र्याखालीच. शाळेतही ती दाराशी बसायची, एक पाय बाहेर काढून. आणि पहिलीत गेल्यावर ती एकाच गालानं जेवायला लागली. वन्संनी तिला अंगणातच मांडीवर आडवी घेतली, तोंड उघडून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्या कुणाला रागावल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मागं नवी दाढ आलीय. दुधाची न्हाई ही, जल्माची हाय. अन् तिच्यावर काळा ठिपका दिसून राहिलाय."

दवाखाना एका तीन मजली इमारतीत तळाला होता आणि वरच्या मजल्यावर बारावीचा क्लास. त्या दिवसांत लातुरात जिना दिसला की वर क्लास असायचाच. रेणूला आम्ही गोडीगुलाबीनं खुर्चीपर्यंत नेली आणि नेमका वरचा क्लास सुटला. सगळी पोरं एकदम जिना उतरली. भिंत धडधडली, ट्रेमधली हत्यारं खणखणली. रेणू जी सुटली ती थेट भर रस्त्यात. एका स्कूटरवाल्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून बरं. मी धावत जाऊन तिला उचलली. मागोमाग बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले, "जबरदस्ती नको. पण लांबवूही नका. कीड खोल गेली तर ही दाढ परत यायची नाही."

दुसऱ्या दिवशी वन्संनी रेणूला कडेवर घेतली आणि दवाखान्यात न शिरता बाहेरच्या जिन्यानं सरळ वर गेल्या. मला वाटलं, आता सरांचं काही खरं नाही. पण त्या क्लासच्या दाराशी शांत उभ्या राहिल्या. दाराबाहेर चपलांचा हा ढीग. क्लास सुटला तशी पोरं आपापली चप्पल ओढत, एकमेकांना ढकलत धडाधडा खाली गेली. वन्सं म्हणाल्या, "बघ, कोण हलवून राहिलंय बिल्डिंग!"

रेणूनं डोळे मोठे केले. "ही पोरं?"

"हीच की. धरणीमाय कशाला येतीय हलवायला इथं?"

मग त्या सरांकडे वळल्या. "सर, जरा परत बसवा यान्ला अन् परत सोडा."

पालकांना सुद्धा दारात ताटकळत ठेवणारे ते सर. पण वन्संनी त्यांच्या तोंडाकडे असं काही बघितलं, की सरांनी हात तोंडावर नेला आणि खरोखरच पोरांना वर बोलावलं. दुसऱ्यांदा क्लास सुटला तेव्हा सगळ्यांच्या मागून, आत्याचा हात धरून, रेणूही निघाली. प्रत्येक पायरीवर मुद्दाम पाय आपटत, सगळी बिल्डिंग स्वतः हलवत ती खाली आली, आत गेली, खुर्चीत बसली आणि तिनं आ केला.

कीड वरवरचीच होती. डॉक्टरांनी ती साफ करून दाढ भरली आणि म्हणाले, "वेळेत आणलंत." माझा जीव भांड्यात पडला. मी दवाखान्यातच पदरानं डोळे पुसले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

घरी आल्यावर रेणू अंगणात थांबलीच नाही. तडक आतल्या खोलीत गेली आणि बोलता बोलता तिथंच पलंगावर झोपली. डोक्यावर स्लॅब होता आणि तिचे दोन्ही पाय आत होते. मी चहा घेऊन आले तर वन्सं तिच्या उशाशी बसून मुसमुसत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, अहो दाढ वाचली की!"

"दाढंचं काय घिऊन बसलीस गं," त्या म्हणाल्या. "लेकरू घरात आलं."